उस्मानाबादचा कर्करोग-अभ्यास : यश आणि उत्तरदायित्व

संशोधनाचे मूल्यमापन केवळ निष्कर्षांवरून करणे अपुरे ठरते. ज्या समाजातून ज्ञान मिळाले, त्याच्या पदरी काय पडले हेही तपासावे लागते. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास या दृष्टीने विचारणीय आहे. त्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयोगटाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मानवी पॅपिलोमा विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. संख्येने लहान असलेल्या नियंत्रण गटात मात्र ६४. ग्रामीण भागातही एका चाचणीने मृत्यू टाळता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

परंतु अभ्यासाची मर्यादाही येथेच आहे. नियंत्रण गटाला 'नेहमीची आरोग्यसेवा' मिळाली, आणि त्या सेवेत अशा तपासणीची सोय जवळपास नव्हतीच. म्हणजे वंचितता हीच तुलनेची मोजपट्टी ठरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. त्यामुळे सिद्ध झालेली चाचणी उपकेंद्रापर्यंत पोहोचत नाही, तोवर या संशोधनाचे उत्तरदायित्व पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.