दश्शीचं बळ

मेंढीकोट खेळणाऱ्याला दश्शीचं दुखणं सांगायला नको. तीच मेंढी, सगळा डाव तिच्यासाठी; पण जोर म्हणाल तर गुलामसुद्धा तिला मारतो. म्हणून भिडूचा एक्का पडेपर्यंत माणूस ती पोटाशी धरून बसतो. गावच्या पारावर पत्ते पिसणाऱ्यांना हे पाठ असतं. त्यांनी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे पत्ते एकदा तरी हातात घ्यावेत.

पानं गोल, हाताने रंगवलेली, लाखेच्या रोगणाने चकाकणारी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण 120. राणी नाही, गुलाम नाही, हुकुमाचा रंगही नाही. चित्रं देखणी आहेतच आणि बहुतेकजण तिथेच अडकतात. खरी करामत पानांच्या उतरंडीत आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या रंगांत राजा-प्रधानाच्या खालोखाल दश्शी, मग नव्वी, आणि एक्का तळाला. परशुरामापासून कल्कीपर्यंत नेमकं उलट: प्रधानानंतर एक्का, मग दुरी, तिरी, आणि दश्शी सगळ्यांत शेवटी. म्हणजे नीरा नरसिंहपूरच्या नरसिंहाची दश्शी ऐटीत फिरते, आणि परशुरामाच्या दहा परशूंना एकच परशू लोळवतो!

ही उलटापालट उगाच चमत्कृती म्हणून नाही. तिघांत चाळीस-चाळीस पानं वाटली जातात. हुकूम नसल्याने ऐनवेळी कापून सुटका नाही. मागितलेल्या रंगाचं चढं पान हवं. राजा गेला की प्रधान वरचढ, प्रधान गेला की कुठे दश्शी तर कुठे एक्का. काय काय गेलं हे दहाही रंगांत ध्यानात ठेवायचं, तेही अर्ध्या रंगांत वरून खाली आणि अर्ध्यांत खालून वर मोजत. इथली लढाई स्मरणशक्तीची आहे, आणि माझ्या मते ती मेंढीकोटापेक्षा निर्दय आहे. तिथे चूक सावरायला समोर भिडू तरी असतो.

पहिल्या उतारीचा नियम तर लाजवाब. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी; रात्री मान कृष्णाच्या राजाचा. रामजन्म भर दुपारचा, कृष्णजन्म मध्यरात्रीचा, त्यामुळे हा नियम एकदा ऐकला की विसरत नाही. दिवस-रात्रीची कल्पना राक्षस, मंत्र आणि लढायांच्या एका आधुनिक पत्त्यांच्या खेळातही आहे: रिचर्ड गारफिल्डने 1993 साली आणलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’. त्यात 2021 मध्ये दिवस-रात्रीचे नियम आले. खेळाडूने आपल्या पाळीत एकही मंत्र टाकला नाही की पुढे रात्र होते, आणि लांडगेमाणसं बळावतात. कल्पना झकास, पण तिथला सूर्य खेळाडूंच्या मुठीत. गंजिफात घड्याळ खरं आहे. दिवेलागण झाली की पुढच्या डावाची उतारी कृष्णाच्या राजाकडे जाते, खेळाडूंच्या मनात काहीही असो. मला गंजिफाचा नियम जास्त भावतो, कारण तो पानांवर कुठेच लिहिलेला नाही.

गंजिफाच्या या पत्त्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावंतवाडीच्या राजवाड्यात ते आजही रंगवले जातात. विकत आणलेत तर चौकटीत घालून भिंतीवर टांगू नका. तिघे जमा आणि वाटा.