'हुबेहूब' आणि 'स्मरणचित्र' : हौशी चित्रकलेच्या रसग्रहणाची परिभाषा

१

हौशी चित्रकारांच्या कृतींची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. नाटकाच्या क्षेत्रात अशी स्थिती नाही. हौशी रंगभूमीसाठी शासनाची राज्यनाट्यस्पर्धा आहे. तेथे परीक्षक असतात आणि प्रयोगांवर खडाजंगीही होते. चित्रकलेत मात्र समीक्षा व्यावसायिकाच्या वाट्यास आणि कौतुक हौशी माणसाच्या वाट्यास, अशी वाटणी झालेली दिसते. ही वाटणी वरवर पाहता उदार वाटते. वस्तुतः ती हौशी चित्रकारावर अन्याय करणारी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. लेखक चित्रकलेचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. म्हणून अशा चित्रांविषयी बोलताना आपण कोणते शब्द वापरतो, येथून आरंभ करणे त्यास सोयीचे वाटते.

प्रथम 'हौस' हा शब्दच पाहू. तो अरबी 'हवस' या शब्दापासून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. हिंदी-उर्दूत त्याच शब्दाला वासनेची छटा राहिली. मराठीने तो धुऊन-पुसून घरात घेतला. लुगडे हौसेने घेतले जाते, पंगत हौसेने वाढली जाते. परंतु 'हौस' या नामाला मिळालेली ही प्रतिष्ठा 'हौशी' या विशेषणाला मिळाली नाही. 'हौशी आहेत' या उद्गारात 'फार मनावर घेऊ नये' ही सूचना असते. 'हौसेला मोल नाही' या म्हणीचा प्रचलित अर्थ 'हौसेपुढे खर्चाची तमा नसते' असा आहे. हौशी चित्रांपुरता आपण तिचा अर्थ 'येथे मोल करावयाचेच नाही' असा करून घेतला आहे.

२

मोल करावयाचे नाही असे ठरल्यावर उरतात ती दोन-तीन विशेषणे: 'छान', 'सुरेख' आणि सर्वांत वरच्या पायरीवर 'हुबेहूब'. 'सुरेख' या शब्दात मुळात 'रेखा' आहे. पण आज सुरेख म्हणताना रेषेचा विचार कोणाच्याही मनात नसतो. 'हुबेहूब' अरबी-फारसी 'हू-ब-हू' या प्रयोगावरून आला. 'हू' म्हणजे 'तो'; तेव्हा हुबेहूब म्हणजे 'तोच तो'. या शब्दाने चित्राची स्तुती होते खरी, पण ती चित्र आणि त्याचा विषय यांतील अंतर नाहीसे झाल्याची स्तुती असते. आणि चित्रकार त्याच अंतरात वावरत असतो.

क्रियापदांकडे वळल्यास भाषा अधिक शहाणी असल्याचे दिसून येते. मराठीत चित्र 'काढतात'. रांगोळी काढतात, कशिदा काढतात आणि छायाचित्रही काढतातच. या समान क्रियापदामुळे 'अगदी फोटो!' हा उद्गार आपल्या तोंडी सहज येत असावा. परंतु 'काढणे' म्हणजे जे आत आहे ते बाहेर आणणे. धार काढणे, वाट काढणे आणि आठवण काढणे हे प्रयोग पाहिल्यास हा अर्थ स्पष्ट होईल. वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी भिंतीवर देवचौक 'लिहितात', असे अभ्यासकांनी नोंदविले आहे; संस्कृत 'लिख्' धातूतही लिहिणे आणि चितारणे हे दोन्ही अर्थ आहेत. 'काढणे' आणि 'लिहिणे' या दोन्ही क्रियापदांत चित्र ही नक्कल आहे, असे कोठेही गृहीत धरलेले नाही. हे गृहीत आपल्या विशेषणांनी मागाहून आणले आहे.

३

या विवेचनास निमित्त झालेली हकिकत येथे सांगणे अवश्य आहे. लेखक विठ्ठलवाडीस राहतो. तेथील एक निवृत्त गृहस्थ काचेच्या पाटीवर विजेच्या लेखणीने चित्रे काढतात आणि परिचितांस फोनवरून दाखवितात. अंबरनाथच्या शिवमंदिराचे त्यांनी छायाचित्रावरून केलेले चित्र सर्वांनी वाखाणले. त्यानंतर त्यांनी दुसरे चित्र दाखविले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वालधुनीला आलेल्या पुराचे ते चित्र होते आणि ते आठवणीतून काढलेले होते. त्यात क्षितिज फार वर गेले होते, विजेचे खांब आखूड होते आणि विठ्ठलवाडी स्थानकाचा फलाट एका बाजूस कललेला होता. पाणी मात्र पट्टीने आखावे तसे सपाट होते. त्यावर माणसे नव्हती. एका खांबास अडकलेली छत्री तेवढी होती.

पाहणाऱ्यांस चित्र आवडले नाही. 'फलाट वाकडा आला आहे,' असे तिघाचौघांनी सांगितले. त्या तिघाचौघांत प्रस्तुत लेखकही होता. आठ दिवसांनी दुरुस्त चित्र आले. त्यात फलाट सरळ होता, खांब प्रमाणात होते, पाण्याला छायाचित्रातल्यासारख्या लाटा होत्या. 'आता हुबेहूब झाले,' असा निर्वाळा मिळाला. पहिले चित्र पाहावयास मागितले असता त्यांनी सांगितले की, दुरुस्ती त्याच चित्रावर केली. जुने आता नाही.

दोन्ही चित्रांची तुलना आज केवळ आठवणीनेच करता येते. पहिल्यात सपाट पाणी आणि कललेला फलाट यांत विरोध होता. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल यांचा जो विचार मांडला आहे, त्यातील विरोधाचे हे साधे उदाहरण म्हणता येईल. पाणी स्थिर आणि माणसाने बांधलेली वस्तू डळमळलेली, हाच त्या चित्राचा आशय होता. फलाट सरळ होताच तो आशय नाहीसा झाला आणि मागे पुराचे एक दृश्य उरले. पहिल्या चित्रात दोष नव्हतेच असे नाही. खांबांचे आखूडपण काही ठिकाणी अर्थपूर्ण, तर काही ठिकाणी निव्वळ हातचुकीचे होते. आकाशाचा करडा रंग एकसुरी होता. हा फरक सांगणे हेच समीक्षेचे काम होते. ते कोणी केले नाही.

४

विशेष खेदाची गोष्ट अशी की, त्या पहिल्या चित्रासाठी योग्य संज्ञा आपल्यापैकी बहुतेकांस शाळेपासून ठाऊक आहे. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने 'स्मरणचित्र' काढलेले असते. समोर वस्तू नाही, छायाचित्र नाही. मनात जे राहिले ते काढावयाचे. 'स्मरणचित्र' हा परीक्षेचा विषय म्हणून उरला. रसग्रहणाची संज्ञा तो कधी झाला नाही. तसा झाला असता तर 'फलाट वाकडा का?' या प्रश्नास 'आठवणीत तो तसाच आहे' हे उत्तर ग्राह्य ठरले असते. द. ग. गोडसे यांनी 'पोत' (१९६३) या ग्रंथात विणकामातील एक घरगुती शब्द उचलून त्यास कलाविचारात स्थान दिले. शाळेच्या फळ्यावरील शब्दालाही तसे स्थान देता येईल.

५

संगणकीय साधनांमुळे हौशी चित्रकलेचा ऱ्हास झाला, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. तो अर्धाच खरा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रकला हस्तलिखितांतील खाडाखोडीतून उगवली आणि १९३० साली पॅरिसमध्ये तिचे प्रदर्शन झाले. ज्या साधनात एका स्पर्शाने रेघ मागे घेता येते, त्यात अशी खाडाखोड उरत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच साधनांत थरावर थर ठेवून पूर्वीचे रूप राखता येते. चित्र कसकसे घडत गेले ते प्रारंभापासून पुन्हा पाहण्याची सोयही काहींत असते. डेव्हिड हॉकनी यांनी आयपॅडवर काढलेली निसर्गचित्रे २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली, तेव्हा साधनाचा प्रश्न पुष्कळसा निकालात निघाला. विठ्ठलवाडीचे ते पहिले चित्र साधनाने पुसले नाही; आमच्या अभिप्रायाने पुसले.

हौशी चित्रकार हा आपला पहिला प्रेक्षक जवळच्या माणसांत शोधतो. चित्र विकावयाचे नसल्यामुळे त्या माणसांचे शब्द हेच त्याच्या कृतीचे सर्व मोल असते आणि म्हणून त्या शब्दांचा परिणामही अधिक होतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हौसेने चित्रे काढली आणि त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. संस्थानाधिपतीस फलाट सरळ करावयास सांगणारा कोणी भेटला नसेल. सामान्य हौशी माणसास असे संरक्षण नसते. त्यास खोटी स्तुती नको आणि शाळामास्तरी दुरुस्तीही नको. 'येथे असे का काढले?' एवढा प्रश्न आणि उत्तर ऐकण्यापुरता धीर त्यास पुरेसा आहे. तो प्रश्न विचारावयास आम्ही आठ दिवस उशीर केला.