आपलंच भूत

'हेडीस'मध्ये (२०२०) मरायला मजा येते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. झॅग्रियस मेला की घरी परततो, हिप्नोस टोमणा मारतो, आरशासमोर थोडी ताकद वाढवून घेता येते. मरण म्हणजे जणू पुढचा एपिसोड. १९८७च्या 'नेटहॅक'मध्ये असले लाड नाहीत. मेलात की सेव्हही गेला. पण कधीकधी तो मजला तसाच जपला जातो. पुढच्या एखाद्या खेळात तिथे पोचलात, की समोर तुमचंच भूत आणि तुमचंच सामान, त्यातलं बरंचसं शापित. मी एकदा स्वतःच्याच तलवारीसाठी स्वतःच्याच भुताशी भांडलोय. पडद्यावर नुसती अक्षरं आणि ठिपके होते (ग्राफिक्स कसले!), तरी 'हेडीस'च्या देखण्या संवादांपेक्षा ती भेट जास्त आठवते.