मराठी आत्मपर लेखनातील दांपत्याची फुरसत : छंद, स्वयंपाक आणि सहल

'छंद' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ वृत्त असा, तर दुसरा, चरितार्थाच्या उद्योगाबाहेर मनाला लागलेली ओढ असा. बारामतीच्या भूमीत हे दोन्ही अर्थ एका कवीच्या ठायी एकवटले. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले आणि आर्या हे वृत्त त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. ओष्ठ्य वर्ण कटाक्षाने टाळून रचलेले 'निरोष्ठ रामायण' हे तर शुद्ध छंदाचेच, म्हणजे फुरसतीच्या खेळाचेही, अपत्य होय. असा खेळ चालण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या. चरितार्थाची निश्चिती ही पहिली. घरातील चूल अन्य कोणी वेळेवर पेटवीत असणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीची नोंद वाङ्मयेतिहास आदराने करतात. दुसरीची नोंद सहसा आढळत नाही.

दांपत्याच्या फुरसतीचा विचार करताना ही दुसरी नोंद अटळ ठरते. मराठी समीक्षेने दांपत्यजीवनाचा विचार प्रेम, निष्ठा, घुसमट, बंड अशा मोठ्या शब्दांच्या आधारे विपुल केला आहे. परंतु पती-पत्नींचा साधा रविवार, त्यांचे खाणेपिणे, त्यांची सहल, त्यांचे लहानसहान छंद यांकडे 'तपशील' म्हणून पाहण्याची सवय तिला जडली आहे. वस्तुतः सहजीवनाची खरी परीक्षा याच तपशिलांत होते. कारण दुःख दोघांच्या वाट्याला सारखे येऊ शकते. फुरसत मात्र क्वचितच सारखी येते. प्रस्तुत लेखात काही मराठी आत्मपर ग्रंथांच्या आणि बारामती-इंदापूर परिसरातील प्रत्यक्ष व्यवहाराच्या आधारे या असमान वाटणीचा शोध घेतला आहे.

प्रारंभी एका शब्दाकडे लक्ष वेधणे इष्ट ठरेल. निमंत्रणपत्रिकेवर 'सपत्नीक उपस्थित राहावे' अशी विनंती असते. या विशेषणात जाणारा कोण आणि सोबत नेली जाणारी कोण हे व्याकरणानेच ठरवून टाकले आहे. पत्नीला मुख्य मानून पतीला सोबतीस धरणारा असा रूढ शब्द मराठीत नाही. दांपत्याने मिळून घराबाहेर पडण्यास समाजमान्यता मिळाली तीही प्रथम देवदर्शनाच्या निमित्ताने. नवपरिणीत जोडप्याने जेजुरीस जावे, पतीने पत्नीस उचलून काही पायऱ्या चढाव्यात, मोरगावच्या मयूरेश्वराला किंवा नीरा-भीमेच्या संगमावरील नीरा-नरसिंहपूरला कुलाचार म्हणून जावे, ही या प्रदेशातील जुनी 'सहल'च होय. तिला सहल हे नाव नव्हते, इतकेच. पुरणाचा स्वयंपाक तिच्या आधीही होता आणि नंतरही.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचा विवाह एकतीस वर्षांच्या न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पतीने पत्नीस शिकवले, ही त्या सहजीवनाची सर्वपरिचित कथा. परंतु त्या शिक्षणाची वेळ कोणती होती, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. पतीचे वाचन हे त्याच्या कामाचा आणि अभिरुचीचा भाग होते. पत्नीचे वाचन घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने कामातून चोरलेला वेळ होता. त्यामुळे ती एकाच पुस्तकासाठी दुहेरी किंमत मोजते. दिवसा स्वयंपाकघरात तिला टोमणे ऐकावे लागतात आणि उरलेल्या वेळात पाठ तयार करावे लागतात. दांपत्याचा सामाईक छंद येथे प्रथमच मराठी गद्यात अवतरतो खरा, पण दोघांच्या घड्याळात फरक आहे.

याच पुस्तकातील आंब्याची आठवण प्रसिद्ध आहे. पत्नीने आंबा कापून फोडी पुढे ठेवल्या, पतीने मोजक्याच खाल्ल्या आणि आग्रह होताच जिभेवरील संयमाचे महत्त्व सांगितले. पाठ्यपुस्तकी वाचनात हा प्रसंग इंद्रियनिग्रहाचा धडा ठरतो. त्यात दुसराही एक धडा आहे. खाऊ घालणे हा पत्नीच्या बाजूचा प्रेमाचा उद्गार आहे. त्याला मिळालेले उत्तर तत्त्वज्ञानाच्या भाषेत आहे. रमाबाई ते उत्तर मनःपूर्वक स्वीकारतात, त्यामुळे त्यांच्यावर आजची नाराजी लादणे अन्यायाचे होईल. तथापि नाकारलेल्या फोडीची आठवण त्या इतक्या वर्षांनी, वैधव्यात, तपशिलासह लिहितात, याची दखल समीक्षकाने घेतली पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा सूर निराळा आहे. तेथे संसारातील ओढाताण हसत सांगितली जाते. रेव्हरंड टिळकांचा विसराळूपणा, लहरी स्वभाव आणि अपार माया यांचे मिश्रण वाचकाला मोहविते. ते हसू मात्र फुकट आलेले नाही. ज्या व्यक्तीला पुढच्या जेवणाची जबाबदारी टाळता येत नाही, त्या व्यक्तीचे ते हसू आहे, म्हणूनच त्याला धार आहे. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ही घटना सहसा पतिनिष्ठेची म्हणून सांगितली जाते. छंदाच्या दृष्टीने पाहिल्यास तिचा अर्थ बदलतो. आयुष्यभर पतीच्या नावे चाललेला काव्याचा छंद तिच्याही अंगात भिनला होता. त्याला मोकळी जागा मिळाली ती एकटेपणात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी एकाच घरातील दोन पुस्तकांनी केली. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली. पहिले दांपत्याच्या परदेश प्रवासाचे प्रसन्न चित्र आहे. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला पत्नीसह जग पाहण्याचा आनंद या पुस्तकाने दिला आणि तो आनंद खोटा नव्हता. तथापि त्यातील सहप्रवासी पत्नी बहुतेक वेळा विनोदाच्या सोयीपुरती येते. प्रवासातील गंमत लेखकाची असते, व्यवहार तिचा. तीस वर्षांनी दुसरे पुस्तक आले तेव्हा अनेकांना ती तक्रारवही वाटली. लाडक्या लेखकाचे घरगुती रूप उघडे केल्याचा रागही व्यक्त झाला. हे वाचन उथळ होते, असे आज म्हणावे लागते. सुनीताबाईंचा मुख्य विषय पतीचे दोष हा नाही. वेळ हा आहे. कोणाचा वेळ सर्जनासाठी राखून ठेवला गेला आणि तो राखण्यासाठी कोणाचा वेळ खर्ची पडला, याचा हिशेब त्या कमालीच्या प्रामाणिकपणे मांडतात, आणि त्या हिशेबात स्वतःच्या हट्टांचे व चुकांचे आकडेही लपवीत नाहीत. दौऱ्यात गाडी चालविणारी व्यक्ती आणि शेजारी बसून रस्त्यावरची गंमत टिपणारी व्यक्ती एकाच सहलीला गेलेली असली तरी त्यांचे प्रवासवर्णन एक होऊ शकत नाही.

मात्र येथेच थांबल्यास या दांपत्यावर अन्याय होईल. बा. सी. मर्ढेकर आणि बा. भ. बोरकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन दोघांनी मिळून केले. त्या वाचनात दोन्ही आवाजांना स्वतंत्र स्थान होते. दांपत्याचा छंद खऱ्या अर्थाने सामाईक होण्याचे मराठीतील हे दुर्मीळ उदाहरण होय. ते शक्य झाले कारण कविता दोघांपैकी कोणाचीच नव्हती. 'सपत्नीक' हे विशेषण तेथे गैरलागू ठरते.

खाद्यविषयक लेखनाकडे वळल्यास हीच विभागणी वाङ्मयप्रकारांतही उतरलेली दिसते. 'माझे खाद्यजीवन' हा पु. लं.चा लेख खाणाऱ्याच्या रसिकतेचा उत्सव आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे रांधणारीचे शास्त्र आहे. त्यापूर्वी लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र'ने (१९१०) एक हजार पाकक्रिया छापील रूपात आणल्या होत्या, आणि योगायोगाने ते वर्ष रमाबाईंच्या आठवणींचेही होय. खाणाऱ्याचे लेखन 'ललित' म्हणून अभ्यासक्रमात गेले, रांधणारीचे लेखन 'उपयुक्त' म्हणून ओट्याजवळच्या फळीवर. मराठी पाककृतीची भाषा पाहण्यासारखी असते. घ्यावे, चिरावे, परतावे, झाकण ठेवावे. विध्यर्थी क्रियापदांची ही माळ आहे आणि कर्त्याचा संपूर्ण लोप आहे. हे सारे कोणी करावे, हे सांगण्याची गरज भाषेला वाटलेली नाही. 'रुचिरा'चे मोठेपण असे की कमलाबाईंनी वाटी-चमच्याच्या घरगुती मापाला छापील प्रतिष्ठा दिली आणि अंदाजाने चाललेल्या कौशल्याचे हस्तांतरणीय ज्ञान केले. सासूच्या किंवा आईच्या पाठीशी उभे न राहता शिकण्याची सोय झाल्याने नोकरीच्या गावी एकटे बिऱ्हाड करणाऱ्या नव्या दांपत्यास हे पुस्तक आधार ठरले. या पुस्तकाचा गौरव गृहिणींनी केला. ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात त्याचे स्थान निश्चित करण्याचे काम अद्याप बाकी आहे.

आतापर्यंतची उदाहरणे, एका ख्रिस्ती घराचा अपवाद धरूनही, पांढरपेशा वर्तुळातील आहेत. नीरेपलीकडे, बारामतीस लागूनच असलेल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' समोर ठेवल्याशिवाय फुरसतीविषयीची कोणतीही चर्चा अपुरी राहील. या ग्रंथात अन्न हा रुचीचा विषय नाही, भुकेचा आहे. शिळ्या तुकड्यांवर आणि निवडुंगाच्या बोंडांवर निभावलेल्या दिवसांची नोंद त्यात आहे. पाककृतीचे पुस्तक जेथे सुरू होते, त्याच्या कितीतरी आधी हे अन्नवर्णन संपते. आणि लेखन हा छंद? बेबीताई किराणा दुकान चालवीत असत; गिऱ्हाइकाच्या मधल्या वेळात त्या लिहीत आणि लिहिलेले कागद अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवीत, हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. रमाबाईंना पतीने पुस्तक हाती दिले. बेबीताईंना पतीपासून कागद लपवावे लागले. 'मराठी दांपत्य' असा एकवचनी शब्दप्रयोग किती सैल आहे, हे या दोन चित्रांवरून ध्यानात यावे.

आजचा रविवार यापासून फार दूर गेला आहे, असे वरवर दिसते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात पसरले, पळसदेवसारखी गावे उठली. पाणी ओसरले की तेथील जुने देवालय वर येते आणि तेही आता पाहण्याचे ठिकाण झाले आहे. एका पिढीचे विस्थापन दुसऱ्या पिढीची सहल होते, हे या जलाशयाचे विदारक वैशिष्ट्य. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. बारामतीहून, पुण्याहून दुचाकीवर किंवा मोटारीतून जोडपी पहाटेच निघतात. गळ्यात कॅमेरा बहुधा एकाच्याच असतो. पक्षी पाहायचे तर सूर्योदयापूर्वी पोहोचावे लागते. आणि सोबत डबा असेल तर तो त्याहून आधी भरावा लागतो. शनिवारी रात्री कणीक मळून ठेवणारी, पहाटे थालीपीठ लावणारी आणि परतल्यावर डबे घासणारी व्यक्ती एकच असेल, तर तिची सुटी नेमकी केव्हा सुरू झाली, हा प्रश्न उरतोच. पतीने रविवारी हौसेने रस्सा केला तर त्याचे कौतुक आठवडाभर टिकते. सोमवारच्या भाकरीला ते लाभत नाही. एकच काम एकाचा छंद आणि दुसरीचे कर्तव्य होते ते असे.

याच काठावर एक दुसरे दांपत्यही आहे. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील पुरुष होडी वल्हवून पर्यटकांना पक्षी दाखवितो आणि घरातील स्त्री चिलापीचे कालवण व चुलीवरच्या भाकऱ्या करून त्यांना जेवू घालते. एका जोडप्याचा रविवार दुसऱ्या जोडप्याच्या श्रमावर उभा असतो. परंतु एक फरक दुर्लक्षिता येत नाही. पाटीवर 'घरगुती जेवण' असे लिहिलेल्या या घरात भाकरीला दर आहे. तेथील स्त्रीच्या स्वयंपाकाची ताटागणिक मोजदाद होते. तिच्या हाती तो पैसा किती राहतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिच्या हातची भाकरी खाऊन तृप्त होणाऱ्या पाहुणीच्या घरी मात्र अशी मोजदाद कधीच झालेली नसते.

अशा अभ्यासाची साधने दूर शोधावी लागणार नाहीत. साखर कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या जुन्या डायऱ्या या परिसरातील घराघरांत असतात. पुरुषमाणसाने वापरून उरलेल्या कोऱ्या पानांवर हुलग्याचे शेंगोळे, माडगे, शेजारणीने सांगितलेला केक, कधी एखादी ओवी, कधी दुधाचा हिशेब उतरविलेला आढळतो. पानावर तारीख आणि वार छापलेला असतो. मजकुराचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत या वह्या प्रथम रद्दीत जातात. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मोडी कागदपत्रांसाठी जी तत्परता दाखविली, तिचा अल्पसा अंश या डायऱ्यांच्या वाट्याला यावयास हवा. मराठी विभागांनी विद्यार्थिनींकरवी हे संकलन येत्या दिवाळीपूर्वीच सुरू करणे शक्य आहे.