हजेरीपटाबाहेरचे मरण

गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम माझ्याकडे आहे. येणाऱ्या कवितांत चार-दोन तरी शहीद जवानांवरच्या असतात. त्यांतली भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लिहिणारी मुले देवळी, आर्वी, पुलगाव या भागांतली, शेतमजुरांची, अल्पभूधारकांची. पण त्यांच्या कवितेत बर्फ असतो, सीमा असते, तिरंग्यात गुंडाळलेला देह असतो, दारात वाट पाहणारी आई असते. मरणाऱ्याला नाव नसते, गाव नसते. तो कोणते काम करता करता मेला तेही कळत नाही. वर्धा जिल्ह्यात बसून ही मुले काश्मीरचे मरण लिहितात आणि पुलगावचे मरण त्यांच्या लेखणीला दिसत नाही. दोष मुलांचा नाही. शाळेपासून ज्या वीरकाव्यावर आपण त्यांना वाढवले, त्या काव्याचा आहे.

पुलगावला काय घडले? ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला धावलेली माणसे स्फोटात सापडली. मृतांत लष्कराचे दोन अधिकारी होते आणि बाकीचे बहुतेक अग्निशमनाचे व सुरक्षेचे काम करणारे कर्मचारी होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी, सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना पुन्हा स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत बहुतेक ठेकेदाराकडचे रोजंदारी मजूर होते. दारूगोळा देशाचा, तो नष्ट करण्याचे काम देशाचे. पेटी उचलणारा हात मात्र ठेकेदाराचा! पहिल्या वेळी आपल्या तोंडी 'शहीद' हा शब्द सहज आला. दुसऱ्या वेळी आपण 'मजूर ठार' एवढेच वाचले आणि पान उलटले.

येथे कोणी म्हणेल, शहीद कोण हे ठरवणे सरकारचे काम आहे. तसे नाही. सैन्यदलांत प्राण गमावणाऱ्यांसाठी 'शहीद' हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, असे केंद्र सरकारने २०१५ साली लोकसभेतच सांगितले आहे. पेन्शन, नुकसानभरपाई, नोकरी यांचे नियम सरकार करते. हा शब्द मात्र समाज देतो. म्हणजेच गाणी देतात, भाषणे देतात, कविता देतात. मग तो कोणाला दिला आणि कोणाला नाकारला याचा जाबही साहित्यालाच विचारला पाहिजे.

आपल्या मातीतली जुनी स्मारके या बाबतीत आजच्या कवितेपेक्षा उदार होती. महाराष्ट्रातल्या गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वर त्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. राजाच्या लढाईत पडलेल्याचा वीरगळ आहे, तसा गावाची गुरे सोडवताना मेलेल्याचाही आहे. त्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर होते, हे विचारून दगड उभा केला गेला नाही. पण या वीरगळांतही एक मोठी उणीव आहे. बहुसंख्य दगडांवर नाव नाही. गावाने मरण जपले आणि माणूस विसरला.

नाव कोरलेला दगड आपल्या समाजाला भेटला तो कोरेगाव भीमाला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची ४९ नावे त्या स्तंभावर आहेत. त्यांतली २२ महारांची मानली जातात. ज्या काळात गावात आमच्या माणसाची सावली टाळली जात होती, त्या काळात त्याचे नाव दगडावर आले. तेही परक्या सत्तेने आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, तेव्हापासून तो आपल्या अस्मितेचा दगड झाला. पण आता स्वतःकडेही बोट वळवले पाहिजे. आपल्या गाण्यांतून, व्याख्यानांतून आपण पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार हा आकडा घोकतो. त्या बावीस नावांपैकी पाच तरी पाठ असणारे आपल्यात किती निघतील? प्रस्थापितांच्या वीरकाव्याने माणसाच्या जागी तिरंगा ठेवला. आपण माणसाच्या जागी आकडा ठेवला. रीत एकच झाली.

त्या स्तंभाचा पुढचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. स्तंभ उभाच राहिला आणि १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. कोरलेल्या नावांनी नातवंडांसाठी दार उघडे ठेवले नाही. गोपाळबाबा वलंगकरांना आणि शिवराम जानबा कांबळ्यांना सरकारकडे अर्ज करावे लागले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. तेव्हा नुसत्या गौरवाने हुरळून जाण्याचे कारण नाही. हक्क सोबत नसेल तर गौरव हा दगडावरचा शेंदूर ठरतो.

म्हणून शहीदांवरची कविता हाती आली की मी आता तीन प्रश्न विचारतो. मेला त्याचे नाव काय? तो कोणते काम करत होता? त्याच्यामागे घरच्यांच्या हाती काय पडले? यंदा पुलगावकडच्या एका विद्यार्थ्याला मी कविता परत दिली आणि हेच विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आमच्या गावची माणसं तिथं कामाला जात होती. पण ते शहीद थोडीच, ते तर रोजीनं जात."

'ते तर रोजीनं जात.' या चार शब्दांत आपल्या सगळ्या वीरकाव्याची समीक्षा आली. मी त्याला म्हटले, हेच लिही. अजून त्याने कविता दिलेली नाही. अंकातले एक पान मी त्याच्यासाठी राखून ठेवले आहे.