पौषात मुहूर्त नसतो

माझ्या एका वहीच्या पहिल्या पानावर १ जानेवारीची तारीख आहे आणि तिच्याखाली सहा संकल्प. पहाटे पाचला उठणे, चार किलोमीटर चालणे, साखर बंद, रोज स्वाध्याय, वजन सात किलो कमी, चिडायचं नाही. गंमत अशी, की ही यादी मी अंथरुणात पडून केली होती. डिसेंबरच्या मध्यावर गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलेलं. आणि मी पहाटे चालायला जायचं ठरवत होते!

सासूबाईंनी वही बघितली. "काय लिवायलीस?" म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. "गप पड की. पौषात कोण नवं काम काढतंय व्हय?"

त्याच आठवड्यात पुण्याहून लेक आली आणि तिनं एक पुस्तक उशाशी ठेवलं. कॅथरीन मे या इंग्रज लेखिकेचं 'विंटरिंग'. २०२० साली आलेलं. लेकीला वाटलं, आईला विश्रांतीची गोडी लागेल. मी ते दोनदा वाचलं, एकदा पडून आणि एकदा बरी झाल्यावर. दोन्ही वेळा मत सारखं झालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लेखिकेची चाळिशी तोंडावर आलेली असताना नवऱ्याचं अपेंडिक्स बळावतं. तिनं विद्यापीठातली नोकरी सोडायचं ठरवलेलं असतं, पुढे तिचीच तब्येत बिघडते, मुलाला शाळा सोसत नाही. तिचं म्हणणं असं, की आयुष्यात असे हिवाळे येतातच. कुणी ते निवडत नाही. झाड पानं गाळतं म्हणजे ते हरलेलं नसतं, पुढची कळी फांदीवर आधीच धरलेली असते. तसं माणसानंही थंडीत थंडीसारखं राहावं. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत महिन्यामहिन्यानं पुस्तक पुढे सरकतं आणि त्यात 'हे करा' अशी यादी कुठेही नाही. हा त्याचा मोठा गुण. आपल्या पुरवण्या जानेवारीत 'नव्या वर्षात नव्या तुम्ही' असं छापतात. आता त्यांनीही सूर बदललाय म्हणा. हल्ली 'स्वतःचे लाड करा' असतं. कोमट पाण्यात पाय, हळदीचं दूध, दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, रोज, न चुकता. म्हणजे संकल्पच, फक्त शाल पांघरलेला. तोही आठव्या दिवशी मोडतो आणि मग स्वतःचे लाड केले नाहीत याचीही टोचणी! मे बाई या सापळ्यात अडकत नाहीत.

'विंटरिंग' या शब्दाचं तिकडे फार कौतुक झालं, ऋतूचं क्रियापद केलं म्हणून. मराठी बाईला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. आपण पावसाळे काढतो, दिवस काढतो, बाळंतपणं काढतो. पण दोन्हींत फरक आहे, तो मला दुसऱ्या वाचनात दिसला. आपल्या 'काढणे'मध्ये दात-ओठ खाऊन सोसणं आहे. तिच्या शब्दात त्या दिवसांना बसायला पाट देणं आहे. हे आपल्याकडून सुटलंय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता जिथे मी अडले ते सांगते. विश्रांती शोधत लेखिका आइसलंडच्या गरम पाण्याच्या कुंडात जाते, नॉर्वेच्या उत्तर टोकाला ट्रोम्सोत घालवलेले दिवस आठवते, घराजवळच्या समुद्रात भर थंडीत पोहते. ट्रोम्सोत ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. आमच्या बेळगाव भागात सगळ्यांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या वर असतो. तिथला अंधार माणसाला घरात बसवतो. इथे कोण बसवणार? पुस्तकात डोरमाउस नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याबद्दल फार सुंदर लिहिलंय. तो अंगावर चरबी साठवतो आणि थंडीभर गुंडाळून झोपतो. ते मी सासूबाईंना मराठीत सांगत होते. त्यांनी शेंगा निवडता निवडता विचारलं, "मग त्येच्या पोरांचं कोण बघतंय?"

मला हसू आलं, आणि टाक्यांना दुखलं. पण माझ्या मते हा या पुस्तकावरचा सगळ्यांत खरा आक्षेप आहे. विश्रांती घ्यायची, तर ती आधी कुणीतरी द्यावी लागते. माझी ती सहा आठवड्यांची विश्रांती शहात्तर वर्षांच्या बाईच्या कमरेवर उभी होती. तिचा हिवाळा कोण काढणार, हा प्रश्न पुस्तकात नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनातही नव्हता.

याबाबतीत आपल्या जुन्या बायका थोड्या हुशार होत्या. पौषात लग्न नाही, नव्या घरात जाणं नाही, नवा व्यवहार नाही. १ जानेवारी बहुतेक वेळा या पौषात किंवा त्याच्या उंबऱ्यावर येते. म्हणजे ज्या महिन्याला मुहूर्तच नाही, त्यात आपण आयुष्य नव्यानं सुरू करायला निघतो! आपल्या जैन घरांत तर वीर निर्वाण संवत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बदलतं, आणि थांबायचा काळ चातुर्मासाचा. साधू पावसात एका जागी राहतात, हिवाळ्यात विहार करतात. थांबणं पंचांगातच लिहिलेलं असलं, की बाईला ते मागावं लागत नाही. संध्याकाळचंही तसंच. डिसेंबरात सहा-सव्वासहाला दिवस मावळतो, त्याआधी जेवणं उरकायची आणि चूल बंद. केवढी मोठी रात्र हाती येते! माझ्या आजीनं तिच्या गोधड्या याच वेळेत शिवल्या. (आता माझ्या घरी सूर्यास्ताआधी सासूबाईंचं ताट आणि रात्री नऊला मुलाचं. चूल दोनदा पेटते, गोधडी एकही नाही.)

पण जुन्याचा फार गोडवाही नको. शेतातल्या बाईला पौष कधीच रिकामा नव्हता. जोंधळ्याची राखण, तुरीची मळणी, आणि कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असताना उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत मूल निजवून मोळ्या बांधणाऱ्या बाया. त्यांच्यापुढे हे पुस्तक वाचून दाखवायची माझी छाती होणार नाही. आणि आपणही तपाचं काय केलंय? सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे, ज्याच्या-त्याच्या शक्तीप्रमाणे तप. आपण शक्तीचा भाग गाळला आणि आकडे ठेवले. पर्युषणात कुणाचे किती उपवास याची बस्तीत चर्चा होते. ज्या सुनेचं हिमोग्लोबिन आठ आहे, ती मागं राहायला लाजते. जानेवारीच्या यादीत आणि यात मला फार अंतर दिसत नाही.

भोगीच्या सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेलेच. आमच्याकडे त्या भाजीत गाजर पडत नाही. वांगी, पावटा, हरभरा, तिळाचं कूट, वर बाजरीची भाकरी. मी विळी घेतली तशी सासूबाईंनी ती काढून घेतली आणि पाट सरकवला. "बसून सांग, मीठ किती ते. मला आता अंदाज येत न्हाई." त्यांना अंदाज चांगला येतो. पण मी बसले आणि सांगितलं.

पुस्तक सध्या शेजारच्या वैनींकडे आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी मागून नेलंय. वहीत सहा संकल्पांच्या पुढच्या पानापासून दुधाचा हिशेब आहे.