लुफीची आई आणि धर्माचा पिता

गेल्या गणपतीत भाच्याने विचारले, "मामा, क्रोकोडाइल हीच लुफीची आई असेल, पटतं का तुला?" मी मोठ्याने हसलो. क्रोकोडाइल म्हणजे तोंडात चिरूट, एका हाताच्या जागी आकडा, असा आडदांड पुरुष चाचा. पोरगा हिरमुसला आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. रात्री मला झोप लागेना. गेली तीस वर्षे जो भेटेल त्याला मी जे मराठी पुस्तक वाचायला सांगतो, त्यातली मला सर्वांत आवडणारी अटकळ नेमकी याच जातीची आहे.

'वन पीस' ही एइचिरो ओदा यांची जपानी चित्रकथा जुलै १९९७ पासून 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात येते आहे. तिचे शंभराहून अधिक खंड झाले, तरी ती संपलेली नाही. गवती टोपी घातलेला मंकी डी. लुफी हा मुलगा चाच्यांचा राजा व्हायला निघतो, एवढेच तिचे सूत्र. त्याच्या टोपीची कवटी छापलेले टी-शर्ट आमच्या गजानन मार्केटात टांगलेले असतात. (आमच्या गावात 'जपानी बाजार'ही आहे, पण तिथे कापड मिळते.) कथेतल्या माणसांचे पूर्वायुष्य ओदा वर्षानुवर्षे झाकून ठेवतात आणि मध्येच एखादा कोपरा उघडतात. लुफीचा बाप कोण, हे ४३२व्या प्रकरणात त्याचा आजोबा गप्पांच्या ओघात बोलून जातो. आईविषयी मात्र कथा गप्प आहे. जिथे कथा गप्प, तिथे वाचक बोलू लागतो. भाच्याची पिढी त्या बोलण्याला 'थिअरी' म्हणते.

त्याच्या थिअरीला आधार आहेच. हार्मोन बदलून पुरुषाची स्त्री आणि स्त्रीचा पुरुष करण्याची विद्या असलेला इवान्कोव्ह तुरुंगात क्रोकोडाइलला सुनावतो की तुझे एक गुपित मला ठाऊक आहे, आणि एरवी कुणाला न जुमानणारा तो माणूस नमते घेतो. हा इवान्कोव्ह लुफीच्या बापाचा सहकारी. पुढे मरीनफोर्डच्या युद्धात हाच क्रोकोडाइल लुफीला निसटून जायला मदत करतो. वाचकाने दोन आणि दोन जोडले.

आता माझे पुस्तक. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये विदुर आणि धर्म, म्हणजे युधिष्ठिर, यांच्यावर एक प्रकरण आहे. विदुर हाच धर्माचा जन्मदाता असेल का, असा प्रश्न बाई तिथे विचारतात. विदुर हा मांडव्याच्या शापाने दासीच्या पोटी आलेला यमधर्म. युधिष्ठिर हा यमधर्माचा मुलगा. नियोगासाठी दीर चालत असे, आणि विदुर कुंतीचा दीर. लाक्षागृहाची सूचना तोच देतो. पांडव वनवासात असताना कुंती त्याच्याच घरी राहते. शेवटी आश्रमवासिक पर्वात विदुर देह ठेवतो तो योगबलाने युधिष्ठिराच्या शरीरात शिरून. मरणाऱ्या पित्याने आपले प्राण आणि इंद्रिये पुत्राच्या स्वाधीन करण्याचा विधी उपनिषदांत आहे. तो आठवून हा प्रसंग वाचला की अंगावर काटा येतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. बाराशे एकोणसाठ हस्तलिखिते तपासत १९६६मध्ये ती पुरी केली. द्रौपदीने स्वयंवरात "सूताला वरणार नाही" म्हणून कर्णाला परतवले, हे आपल्याला तोंडपाठ असलेले वाक्यही त्या संपादकांनी मूळ संहितेबाहेर ठेवले. आणि पुढच्याच वर्षी, १९६७मध्ये, मराठीत 'युगान्त' आले आणि 'मृत्युंजय'ही आले. पंडितांनी व्यासांचे शब्द मोजून दिले, तेव्हाच वाचकांनी त्या शब्दांमधल्या जागा भरायला घेतल्या. लोककलावंत तर कुणासाठी थांबलेच नव्हते. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या 'जांभूळ आख्याना'त द्रौपदीच्या मनात कर्ण आहे. कुठल्या पोथीत तसे आहे, असे ऐकणाऱ्यांनी कधी विचारले नाही.

मग बाईंची अटकळ मला संशोधन वाटते आणि पोराची पोरकट, यात माझा अहंकार किती? बराच. तरीही दोघींत फरक आहे. क्रोकोडाइल अलाबास्तात लुफीच्या शरीरात आकडा आरपार खुपसतो आणि त्याला वाळूत गाडतो. मुलाला ओळखले नसेल, असे म्हणावे तर लुफीचे पूर्ण नाव, 'मंकी' या आडनावासकट, इनामाच्या जाहिरातीवर छापलेले होते. आईला नवऱ्याचे आडनाव कळू नये? मरीनफोर्डमधल्या मदतीचे कारणही कथेतच आहे. ज्या व्हाइटबिअर्डने आपल्याला हरवले, तो नौदलाकडून हरलेला त्याला पाहवत नाही. हा मानी माणसाचा राग आहे आणि मला तो मातृत्वापेक्षा अधिक रंजक वाटतो.

बाईंची अटकळ खरी धरली तर आधीची कुठलीच घटना खोटी पडत नाही. उलट सगळे युद्ध वेगळे दिसू लागते. दासीपुत्र म्हणून ज्याला सिंहासनाचा हक्क नाकारला, त्याचेच रक्त शेवटी त्या सिंहासनावर बसते. (तसे कुरूंचे रक्त व्यासांच्या नियोगानंतर उरलेच होते कुठे?)

पण मला खुपते ते वेगळेच. 'वन पीस'मध्ये "तू कुणाचा?" हा प्रश्न कोण विचारते ते पाहा. चाच्यांचा राजा रॉजर याचे मूल शोधण्यासाठी नौदल गरोदर बायकांचा माग काढते. ते मूल वाचावे म्हणून त्याची आई वीस महिने त्याला पोटात धरून ठेवते आणि बाळंत होऊन मरते. तोच एस. पुढे वधस्तंभावर नौदलाचा सरसेनापती जगाला ओरडून सांगतो की हा रॉजरचा मुलगा आहे. बाप जाहीर करणे हाच तिथे मृत्युदंडाचा पुरावा. एस स्वतः मात्र व्हाइटबिअर्डला बाप म्हणतो, आणि लुफी त्याचा भाऊ झालेला असतो तो बालपणी साकेचे प्याले एकत्र पिऊन. आपल्याकडे रंगभूमीवर कृपाचार्य कर्णाला तेच विचारतात: आईबाप सांग, कूळ सांग, मग अर्जुनाशी लढ. वंशाच्या थिअऱ्या रचणारा वाचक नकळत त्या नौदलात आणि कृपाचार्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो.

मीही तिथे बसलो आहे. शहाड स्टेशनजवळच्या आमच्या बराकीत शेजारी एक सिंधी काका राहत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांना आणले, त्यात ते लहानपणी आले. ज्यांच्याबरोबर आले त्यांचेच नाव बाप म्हणून रेशनकार्डावर लागले. ते खरे बाप नव्हेत, असे सगळी गल्ली कुजबुजायची. कुणी म्हणे जमीनदाराचा मुलगा, कुणी म्हणे स्टेशनवर सापडलेला. काकांकडे जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. मी कॉलेज पुरे केले नाही, माझे वाचन त्या गठ्ठ्यांवर झाले. सतराव्या वर्षी मी वहीत त्यांच्या जन्माविषयी पानभर तर्क लिहिला आणि, मोठा शहाणा, त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "बाबा खोकायचे तेव्हा रात्रभर मी पाठ चोळायचो, हे लिहिलं नाहीस." त्यानंतर वर्षभर त्यांनी मला मासिक दिले नाही.

'युगान्त' त्यानंतर काही वर्षांनी हाती आले. बाईंनी सुरुवात कुठून केली, हे तेव्हा मला दिसले. विदुर धर्माची काळजी कसा करतो, हे त्या आधी पाहतात. जन्माचा प्रश्न त्यामागून येतो, आणि तो प्रश्न म्हणूनच राहतो. भाच्यानेही खरे तर तेच केले होते. क्रोकोडाइल लुफीच्या बाजूला उभा राहतो, हे त्याने टिपले होते. मी ते ऐकून न घेता हसलो.

मागच्या महिन्यात त्याला 'युगान्त' दिले. शहाड ते ठाणे लोकलमध्ये त्याने विदुराचे प्रकरण संपवले आणि संध्याकाळी येऊन विचारले, "ओदा खंडांमध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. व्यासांनी हे कुठे कन्फर्म केलंय का?"

"नाही."

"मग ही थिअरी अजून चालू आहे," तो म्हणाला, आणि पुस्तक आणखी आठ दिवसांसाठी मागून घेऊन गेला.